निशाणाचं कापड

आमच्या गावात पार्सल आणणारं ड्रोन सुरू झालं, तेव्हा ते उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. कारण एवढंच, की एकतीस वर्षं मी सायकलवर पाच गावांची डाक वाटली होती. सरपंचबाई म्हणाल्या, "वाटाचं काम याईलेच जमते." मी तोंडानं नको नको म्हणत होतो, पण आतून फुगलो होतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि त्या सहा वर्षांत मला कोणी कशालाही बोलावलं नव्हतं.

कंपनीचे साहेब गोंदियाहून आले. पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, उन्हानं लाल झालेले. विहारासमोरच्या पटांगणात त्यांनी गाव जमवलं आणि हिंदीत समजावून सांगितलं, "इसमें पेट्रोल नहीं, धुआँ नहीं. पर्यावरण को कोई तकलीफ नहीं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागे उभा राहून मी मनात म्हटलं, एकतीस वर्षं मीही बिनपेट्रोलचा आणि बिनधुराचाच होतो, माझ्यासाठी कोणी एक टाळी वाजवली नाही. माझा स्वभाव असा आहे. बायको म्हणते, यांच्याकडून एक गोड शब्द हवा असेल तर दोन दिवस आधी अर्ज करावा लागतो.

काम सोपं होतं. साहेबांनी एक जाड, मेणकापडासारखं चौकोनी कापड दिलं. त्यावर काळे-पांढरे चौकोन छापलेले. ड्रोन गावाजवळ आलं की वरून ते निशाण शोधतं आणि त्यावर उतरतं. फोनवर निरोप आला की मी पटांगणात कापड अंथरायचं, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवायच्या, कोंबड्या-कुत्री हाकलायची, डबा काढून घ्यायचा आणि फोनवर एक बटण दाबायचं. मग ते वर उठून निघून जायचं. दहा मिनिटांचं काम, पण त्या दहा मिनिटांसाठी मी धुतलेला सदरा घालत असे.

डब्यात कोणाचा चार्जर असे, कोणाच्या बियाण्याची पुडी, आणि दर पंधरा दिवसांनी माझ्या बायकोचं इन्सुलिन. तिला साखरेचा आजार आहे. पावसाळ्यात नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, पाण्याखाली गेला की गोंदियाचा रस्ता बंद होतो. एका वर्षी तीन दिवस रस्ता खुलला नाही, तेव्हा तिची काय दशा झाली होती ती मी पाहिली आहे. म्हणून या यंत्राला शिव्या घालायला गावात सगळ्यात शेवटी मी उभा राहीन.

तरी एक गोष्ट खटकायची. बोटभर औषधाला हातभर वेष्टण. थर्माकोलचा डबा, त्यात बर्फाची थैली, त्यात फुगेवालं प्लास्टिक, त्यात खोका, आणि त्या खोक्यात ती सुईची लहानशी पेन. डाकेत असताना मी पुडक्यांची सुतळीसुद्धा जपून ठेवायचो. इथे माझ्या माळ्यावर थर्माकोलचा ढीग लागला. दोन डब्यांत आमच्या कोंबड्या अंडी घालू लागल्या, तेवढाच काय तो उपयोग. फुगेवालं प्लास्टिक वाऱ्यानं उडून शेतांमध्ये जायचं, आणि मी ते वेचत फिरायचो.

ड्रोन आलं त्याच पावसाळ्यात आमच्या बांधीत सारस बसले. आमच्याकडे धानाच्या बांध घातलेल्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात. आमची खालची बांधी बोडीला, म्हणजे गावच्या लहान तळ्याला लागून आहे. सारसांची ती जोडी आमच्या शिवारातलीच. माणसाच्या खांद्याएवढी उंच, लाल मानेची, आणि दोघं मिळून ओरडली की दोन गावांना ऐकू जाणारी. दरवर्षी ती कोणाच्या तरी बांधीत गवताचा ढीग रचते आणि त्यावर दोन अंडी घालते. ज्याच्या बांधीत बसली त्यानं तेवढी जागा रोवायची नाही, असा आमच्या गावचा रिवाज आहे. भोवती बांबू खोचून त्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायच्या, म्हणजे रोवणीच्या आणि निंदणाच्या, तण काढणाऱ्या, बायांना दुरूनच कळतं आणि त्या वळून जातात.

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण आमच्या बांधीत सारस कधी बसले नव्हते. बायकोला झालेला आनंद मी काय सांगू! आम्हाला मूलबाळ नाही. ते दुःख आम्ही दोघांनीही केव्हाच घडी घालून ठेवून दिलं आहे, ते मी इथे उलगडत बसत नाही. पण अंडी दिसली त्या दिवशी तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढली, आणि मग रोज एक. महिनाभराच्या आसपास पिल्लं निघतात. ती रोज सकाळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून लांबून बघायची आणि घरी येऊन मला बातमी द्यायची, "आज नर बसला आहे. मादी चरून राहिली." एकदा म्हणाली, "तुमच्या डब्याचं फुगेवालं पलाश्टिक त्याईनं घरट्यात खोचलं." मी ओशाळलो. एक तुकडा माझ्या वेचण्यातून सुटला होता.

ड्रोन त्या बांधीवरूनच यायचं. ती म्हणाली, "साहेबाले सांगा न, दुसरीकडून आना म्हना."

मी म्हटलं, "अवं, बिरसीची विमानं दिवसभर डोक्यावरून जाऊन राहिली. सारस मान तरी वर करते काय?" बिरसीला वैमानिकांची शाळा आहे. तिथली शिकाऊ विमानं आमच्या आभाळात घिरट्या घालतात, आणि सारस त्यांच्याखाली निवांत किडे टिपत असतात. हे मी साहेबांनाही फोनवर सांगितलं आणि साहेबांनाही ते पटलं.

बायको एवढंच म्हणाली, "विमान जाते. थे उतरत नाई."

मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

आता माझी चूक सांगतो. पटांगणातल्या कापडाचा एक कोपरा बकरीनं चावला, म्हणून कंपनीनं नवीन कापड पाठवलं. जुनं माझ्याकडे पडून राहिलं. इतकं मजबूत, पावसानं न कुजणारं कापड! इकडे बांधीवर बांधलेल्या लुगड्याच्या चिंध्या दोन पावसांतच गळून पडल्या होत्या आणि निंदणाच्या बाया यायच्या होत्या. मी डोकं चालवलं. कापून पट्ट्या करायला जीव होईना, म्हणून अख्खं कापड चार बांबूंना बांधून पायवाटेच्या बाजूनं घरट्याजवळ ताणलं. वर पाणी साचू नये म्हणून थोडं उतरतं बांधलं. लांबूनही दिसत होतं. बायको म्हणाली, "लुगड्याचा तुकडा काऊन नाई बांधला?" मी म्हटलं, "तुले काय समजते!" चाळीस वर्षांत हे वाक्य मी तिला किती वेळा म्हटलं असेल आणि किती वेळा तोंडावर पडलो असेल, त्याचा हिशेब तिनं ठेवला नाही, हे माझं नशीब.

भिंतीवर सव्वीस रेघा झाल्या होत्या. बांधीत कापड बांधल्यापासून ड्रोन अजून आलं नव्हतं. दोन दिवस पाऊस कोसळून रपटा बुडाला होता. सकाळी थोडी उघडीप झाली, वारा मात्र जोराचा. फोनवर निरोप आला. त्या दिवशीच्या डब्यात इन्सुलिन होतं. मी पटांगणात कापड अंथरून, चार विटा ठेवून, मान वर करून उभा राहिलो. घूं घूं आवाज आला. दुरून ते दिसलंही. वाऱ्यानं ते एका बाजूला ढकललं गेलं, सावरलं, पुन्हा ढकललं गेलं. मग आमच्या खालच्या बांधीवर ते थांबलं आणि सरळ खाली जाऊ लागलं.

मला समजायला दोन श्वास लागले. मग मी धावलो. या वयात, त्या चिखलात धुऱ्यावरून मी कसा धावलो कुणास ठाऊक. पोचलो तेव्हा नर पंख पसरून यंत्रावर धावून जात होता आणि त्याचं ओरडणं ऐकून अंगावर काटा येत होता. मादी घरट्यावरून उठली. ड्रोननं माझ्या उतरत्या कापडावर पाय टेकले, मग ते घसरलं, कलंडलं आणि घरट्याला धक्का देऊन पाण्यात आडवं पडलं. घरटं एका बाजूनं खचलं. दोनातलं एक अंडं घरंगळून पाण्यात गेलं. दुसरं वर राहिलं, पांढरं, उघडं. सारस उडून पलीकडच्या बांधीत जाऊन उभे राहिले.

मी साहेबांना फोन लावला. ते घाबरले. "बाबूजी, बैटरी पानी में है, उसे जल्दी निकालिए. मशीन को निशान दिखा इसलिए उतर गई. लेकिन वहाँ निशान आया कहाँ से?" मी फोन ठेवला. डाकेत असताना एकदा पाकिटावर जो पत्ता होता त्याच घरी मी पाकीट टाकलं होतं, आणि पत्ता लिहिणाराच चुकला होता. बोलणी मात्र मी खाल्ली. आता त्या यंत्राला कसा बोल लावू? पत्ता मीच चुकीचा लिहिला होता.

मी धोतर वर खोचून पाण्यात पाय टाकला. यंत्र काढायचं होतंच, पण त्याच्या पोटात बायकोचं औषध होतं, ते आधी. तेवढ्यात ती मागून आली आणि तिनं माझा दंड धरला.

"नोका जाऊ."

"अवं, तुही सुई आहे त्याच्यात!"

"घरट्याजवर मानूस गेला त थे परत येनार नाई. मंग हे अंडंबी गेलं."

"आन तू गेली म्हंजे?"

"माह्याजवर दोन दिवसांची आहे," ती म्हणाली. "तुमी बसा इथं. कोनाले जाऊ देऊ नोका."

आम्ही दोघं धुऱ्यावर बसलो. ती डोक्यावर पदर घेऊन, मी तोंड पाडून. ड्रोनवरचा लाल दिवा पाण्यात लुकलुकत होता, मग तोही विझला. निंदणाच्या बाया आल्या, बायकोनं त्यांना हातानंच परत फिरवलं. ऊन कलायला लागलं तेव्हा मादी एकेक पाऊल टाकत आली. यंत्रापाशी थांबली, त्यावर चोच आपटून पाहिली. मग चोचीनं खचलेल्या बाजूचं गवत सारखं केलं आणि त्या एका अंड्यावर बसली. आमच्या हिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. माझ्याही. ड्रोन तिच्यापासून हातभर अंतरावर पडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर बायको तांब्यावर तांब्या पाणी पीत होती. चालताना तिनं भिंत धरली. मी फ्रिजमधली पेन काढून पाहिली. रिकामी होती. दोन दिवसांची म्हणाली होती ती, आणि औषध आदल्या सकाळीच संपलेलं.

मी चिडलो. "खोटं कायले बोलली?"

"खरं सांगतलं असतं त तुमी पान्यात गेले असते."

मी गेलोच असतो.

सायकल परसात झाडाखाली गंजत उभी होती. मी तिच्यात हवा भरली, साखळीला खोबरेल लावलं, आणि माळ्यावरच्या थर्माकोलच्या ढिगातून एक डबा घेतला. त्यात फ्रिजमधल्या बर्फाच्या दोन थैल्या ठेवल्या आणि डबा जुन्या डाकेच्या झोळीत घातला. रपट्याचा रस्ता बंद होता, पण नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवरून लांबच्या वळणानं पलीकडच्या गावच्या आरोग्य केंद्रात जाता येतं. पूर्वी पावसाळ्यात मी तसाच जायचो. तेव्हा माझे गुडघे मात्र माझ्या बाजूनं होते. दोनदा पडलो. निम्म्या वाटेवर सायकल खांद्यावर घ्यावी लागली. केंद्रातल्या सिस्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता आधी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "काका, अशानं तुम्हालाच सलाइन लावावं लागल." त्यांच्याकडच्या साठ्यातून एक पेन मिळाली.

घरी पोचलो तेव्हा दुपार टळून गेली होती. सुई घेतल्यावर बायको पडून राहिली आणि मग म्हणाली, "पाय दाबून देऊ काय?" तिच्या अंगात बसायचंही त्राण नव्हतं. लोक नंतर म्हणाले, पाहा, शेवटी सायकलच कामी आली. मला त्या कौतुकाचा राग येतो. दर पंधरा दिवसांनी मी तसा जाऊ शकत नाही, आणि माझ्यानंतर कोणी जाणार नाही. ते यंत्र आम्हाला हवं आहे. हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

तिसऱ्या दिवशी रपटा उघडा पडला आणि साहेब आले. यंत्र महागडं, वरून विचारणा चाललेली, सोबत दोन माणसं आणि दोर. बायको धुऱ्यावर आडवी उभी राहिली. अंगानं काडी झालेली बाई, पण साहेब थांबले.

"साहेब, अंडं फुटलं का मंग घेऊन जाजा. आता नाई."

साहेबांनी बांधीकडे पाहिलं. मादी बसलेली, शेजारी त्यांचं यंत्र चिखलात. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्या बांबूंवर फडफडणारं ते काळं-पांढरं कापड त्यांना दिसलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता हे मला कामावरून काढणार. ते बूट काढून आमच्याशेजारी बसले, बायकोनं आणलेला चहा प्याले. "हमने कहा था, कोई तकलीफ नहीं," ते म्हणाले. "हमने आसमान देखा था, बाबूजी. नीचे कौन बैठा है, वह नहीं पूछा." जाताना त्यांनी सोबतच्या माणसाला सांगितलं, की कागदावर लिहा, यंत्र काढता आलं नाही, जागेपर्यंत रस्ता नाही.

एकतिसाव्या रेघेला अंडं फुटलं. पिल्लू तांबूस, ओलं, पाय लटपटते. पुढल्या दिवशी ते आईबापांच्या मागे घरट्यातून उतरलं आणि धानात शिरलं. मग आम्ही आत गेलो. यंत्र उचललं तेव्हा त्याच्याखाली घरंगळून गेलेलं अंडं होतं, चिखलात रुतलेलं, अख्खं. बायकोनं ते पदरात घेतलं आणि बोडीच्या काठी खड्डा करून पुरलं. डब्यातलं इन्सुलिन गरम होऊन वाया गेलं होतं. यंत्र पडलं होतं त्या बाजूचं धान पिवळं पडलं होतं. बॅटरीनं की नुसत्या सडण्यानं, ते मला सांगता येत नाही. निशाणाचं कापड मी स्वतः सोडलं, घरी आणलं आणि कात्रीनं बारीक बारीक कापलं. घरट्यातलं फुगेवालं प्लास्टिकही काढून आणलं.

आता ड्रोन बोडीला वळसा घालून येतं. साहेबांनी वाट बदलून दिली, आणि थर्माकोलचे डबे परत न्यायची सोयही केली. मी पुन्हा पटांगणात चार विटा ठेवतो. पिल्लू माझ्या गुडघ्याएवढं झालं आहे, त्याच बांधीत फिरतं. बिरसीची विमानं डोक्यावरून जातात तेव्हा ते आईसारखंच मान वर करत नाही. पण बोडीपलीकडून घूं घूं आवाज आला, की जिथं असेल तिथं धानात अंग चोरून बसतं. आईबाप त्याच्या दोन बाजूंना उभे राहतात. आवाज गेला तरी ते बराच वेळ उठत नाही.

परवा औषधाचा डबा घेऊन मी घरी आलो तर बायको घरात नव्हती. ती धुऱ्यावर बसलेली होती. सुई घेऊन जेवायची वेळ टळत होती, म्हणून मी पेन तिथंच नेऊन तिच्या हातात दिली. तिनं ती मुठीत धरली, पण टोचून घेतली नाही.

"घे न वं, कायले थांबली?"

"थांबा जरा," ती धानाकडे बघत म्हणाली. "माह्यासाठी आलं होतं थे. पिल्लू उठू द्या, मंग घेते."

मी तिच्या शेजारी बसलो. त्या दिवशी ते उठायला फार वेळ लागला.